मुक्या जनावराची वेदना आणि धर्माचरणाचा हक्क

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बेल्जियममधील काही यहुदी व मुस्लिम नागरिकांची आणि त्यांच्या संस्थांची तक्रार एकमताने फेटाळून लावली. बेल्जियमच्या फ्लँडर्स व वालोनिया या दोन प्रांतांनी २०१७ व २०१८ साली केलेले आणि २०१९ मध्ये अमलात आलेले कायदे असे सांगतात की, कोणतेही जनावर कापण्यापूर्वी त्याला बेशुद्ध केलेच पाहिजे. धर्मविधीच्या कारणास्तव त्यातून सूट नाही. या कायद्यामुळे आपल्या धर्मस्वातंत्र्यावर घाला येतो, असे तक्रारदारांचे म्हणणे होते. धर्मस्वातंत्र्याचा संकोच होतो हे न्यायालयाने नाकारले नाही. परंतु तो समर्थनीय आहे असे ठरविले. प्राण्यांचे रक्षण हा ‘सार्वजनिक नीतिमत्ते’चा भाग मानता येतो, असे त्या न्यायालयाने प्रथमच म्हटले.

हा निकाल आम्ही वाचला तेव्हा आमच्यापुढे दोन चित्रे उभी राहिली. गळ्यावर सुरी फिरल्यानंतर शुद्ध हरपेपर्यंतचे काही क्षण तडफडणारे मुके जनावर हे एक. आणि आपल्या शास्त्राप्रमाणे जेवणे हा ज्या देशात आता कायद्याला अमान्य असा व्यवहार झाला, त्या देशातील यहुदी गृहिणी हे दुसरे. दोन्ही चित्रे खरी आहेत. यांपैकी एकाकडे पाठ फिरवून या प्रश्नाचा विचार करणे सोपे आहे, आणि युरोपातील बराचसा वाद तसाच चालला आहे.

यहुदी धर्मशास्त्रानुसार होणाऱ्या पशुवधास ‘शेखिता’ म्हणतात व तो करणाऱ्यास ‘शोखेत’. आपल्याकडील खाटकाशी त्याची तुलना करणे योग्य होणार नाही. शोखेत हा धर्मनियमांचा अभ्यास केलेला, परीक्षा देऊन अधिकारपत्र मिळविलेला आणि आचरणाने धर्मनिष्ठ असा मनुष्य असावा लागतो. त्याच्या सुरीला टोक नसते, आणि धारेवर केसभरही खाच चालत नाही. वधापूर्वी व वधानंतर तो ती धार बोटाच्या अग्राने व नखावरून फिरवून तपासतो. वधानंतर खाच आढळली, तर ते जनावर धर्माच्या दृष्टीने बाद ठरते. कापताना क्षणभरही थांबायचे नाही. सुरी दाबायची नाही, ती मागेपुढे ओढूनच चालवायची. पाते कातडीखाली वा लोकरीखाली झाकले जाता कामा नये. छेद ठरलेल्या भागाबाहेर जाता कामा नये. आणि श्वासनलिका व अन्ननलिका कापल्या जाव्यात, फाटता वा उपटल्या जाता कामा नयेत. या पाचांपैकी एक जरी चूक झाली तरी मांस ‘कोशेर’ राहत नाही. पुढे फुफ्फुसे तपासली जातात, मांसाला मीठ लावून उरलेसुरले रक्त काढले जाते. रक्त खाऊ नये ही आज्ञा उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहाला दिलेली आहे, आणि लेवीयच्या सतराव्या अध्यायात ती पुन्हा येते. कारण प्राण्याचे जीवन रक्तात असते आणि जीवनावर मनुष्याची मालकी नाही.

या नियमांकडे नीट पाहिले, तर त्यांत जनावराविषयीची एक काळजी आढळते. ज्या काळात शेजारचे लोक जनावरे वाटेल तशी ठेचून वा भोसकून मारीत असत, त्या काळात इतकी धारदार सुरी व इतका निश्चित छेद सांगणारे शास्त्र हे दयेचेच शास्त्र होते. मुक्या जिवांना विनाकारण क्लेश देऊ नयेत हा दंडकही रब्बींनी त्याच परंपरेत घालून दिला आहे. म्हणून ‘प्राणिदया विरुद्ध धर्म’ अशी या वादाची जी मांडणी होते ती आम्हांस मूळातच अपुरी वाटते. प्राणिदया धर्माच्या आतही आहे.

मग बेशुद्ध करण्यास हरकत ती कोणती? आधुनिक कत्तलखान्यात मोठ्या जनावराच्या कपाळावर एका पिस्तुलासारख्या यंत्राने लोखंडी खिळा मारतात. तो कवटी फोडून मेंदूत शिरतो व लगेच परततो. मेंढ्यांना डोक्यास विजेचा धक्का देतात. यहुदी शास्त्रानुसार वधाच्या क्षणी जनावर निरोगी व अक्षत असले पाहिजे. ज्याचा मेंदू आधीच छिन्न झाला आहे ते जनावर या कसोटीस उतरत नाही. विजेच्या धक्क्यालाही बहुतेक सर्व रब्बींचा नकार आहे. मुस्लिम समाजात मात्र याबाबत मतभेद आहेत. जनावर ज्यातून पुन्हा सावध होऊ शकेल असा सौम्य धक्का अनेक मुस्लिम विद्वान मान्य करतात. न्यूझीलंडमध्ये हलाल मेंढ्यांचा वध याच रीतीने होतो. त्यामुळे ‘मुसलमानांना चालते तर यहुद्यांना का नको?’ असा प्रश्न युरोपात वारंवार विचारला जातो. एका धर्माचा अर्थ दुसऱ्या धर्मावर लादता येत नाही, एवढेच त्याचे उत्तर आहे.

आता वेदनेचा प्रश्न. येथे आम्ही आमच्या यहुदी बांधवांची बाजू घेताना वस्तुस्थिती लपवू इच्छित नाही. मेंढीचा गळा व्यवस्थित कापल्यास ती साधारणतः काही सेकंदांत शुद्ध गमावते. गाई-बैलांचे तसे नाही. त्यांच्या मेंदूला मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतूनही रक्त मिळते, आणि त्या वाहिन्या या छेदात कापल्या जात नाहीत. शिवाय कापलेल्या रोहिणीचे टोक कधीकधी फुगून बंद होते व रक्तस्राव मंदावतो. त्यामुळे एखादे जनावर वीस-तीस सेकंदांत, तर एखादे त्याहून बऱ्याच उशिरा बेशुद्ध होते. न्यूझीलंडमधील मॅसी विद्यापीठात २००९ साली वासरांच्या मेंदूतील विद्युतलहरींवर झालेल्या प्रयोगांत गळ्याच्या छेदानंतर वेदनेच्या खुणा नोंदल्या गेल्या. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनीही २००४ मध्ये, वधापूर्वी बेशुद्ध करणे नेहमीच व्हावे, असे मत दिले होते. ‘आमच्या पद्धतीत वेदना मुळीच होत नाही’ असे जेव्हा काही यहुदी प्रवक्ते सांगतात, तेव्हा ते आपली बाजू बळकट करीत नाहीत.

परंतु दुसरीही साक्ष आहे. जनावरांच्या हाताळणीचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या अमेरिकेतील डॉ. टेंपल ग्रँडिन यांनी अनेक कोशेर कत्तलखाने प्रत्यक्ष पाहिले. त्यांचा अनुभव असा की, जनावर उभे व शांत असेल, त्याला नीट आधार देऊन धरले असेल आणि सुरी उत्तम व हात कुशल असेल, तर छेदाच्या क्षणी ते फारसे दचकतही नाही. उलट, धरण्याची रीत क्रूर असेल तर सुरी कितीही धारदार असून उपयोग नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी जनावराला मागच्या एका पायास साखळी बांधून, पूर्ण शुद्धीवर असताना, उलटे टांगण्याची प्रथा पडली. एकाचे रक्त दुसऱ्याच्या अंगास लागू नये, ही स्वच्छतेची व यंत्रयुगाच्या वेगाची गरज त्यामागे होती. रब्बींच्या कोणत्याही ग्रंथात ही साखळी नाही. पण ती ‘धार्मिक वधा’च्या नावावर जमा झाली, आणि धर्माधिकाऱ्यांनीही ती दीर्घकाळ खपवून घेतली. पुढे प्राणिसंरक्षण संस्थेच्याच पुढाकाराने १९६० च्या दशकात जनावराला उभे धरणारा पिंजरा तयार झाला. रब्बींनी तो मान्य केला. धर्माचा एकही नियम त्यामुळे मोडला नाही. या एका उदाहरणात या वादाची बरीचशी उकल आहे, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाला इतिहासाची एक काळी किनारही आहे. स्वित्झर्लंडमध्ये २० ऑगस्ट १८९३ रोजी जनतेच्या मागणीवरून सार्वमत झाले व शेखितेवर बंदी आली. त्या देशाच्या इतिहासातील अशा प्रकारचे ते पहिलेच सार्वमत. त्यामागे प्राणिमित्र होते, तसेच पूर्वेकडून येणारे यहुदी निर्वासित नकोसे झालेले लोकही होते. हिटलर सत्तेवर आल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २१ एप्रिल १९३३ रोजी, जर्मनीत बेशुद्ध न करता जनावर कापण्यास मनाई करणारा कायदा झाला. प्राण्यांविषयी इतका कळवळा असणाऱ्या त्या राजवटीने माणसांचे काय केले ते जगाला ठाऊक आहे. म्हणून युरोपातील यहुदी माणूस असा कायदा ऐकतो तेव्हा त्याच्या कानावर केवळ पशुवैद्याचे शब्द पडत नाहीत. अर्थात नॉर्वेने, स्वीडनने वा अगदी अलीकडे २०१४ साली डेन्मार्कने केलेल्या बंदीमागे सर्वत्र यहुदीद्वेषच होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जनावराच्या वेदनेने खरोखर व्यथित होणारी माणसे तेथे आहेत, आणि त्यांची संख्या वाढते आहे.

युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमावलीने वधापूर्वी बेशुद्ध करणे सक्तीचे केले. पण कत्तलखान्यात होणाऱ्या धार्मिक वधास त्यातून वगळले. त्याच नियमावलीने सदस्य राष्ट्रांना याबाबत अधिक कडक नियम करण्याची मुभाही दिली. बेल्जियमचा प्रश्न या दोन कलमांच्या फटीतून उभा राहिला. लक्झेंबर्ग येथील संघाच्या न्यायालयात सल्लागार विधिज्ञ जेरार्ड होगन यांनी सप्टेंबर २०२० मध्ये मत दिले की, सूट संपूर्णपणे काढून घेण्याचा अधिकार राष्ट्रांना नाही. न्यायालयाने १७ डिसेंबर २०२० रोजी त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. पुन्हा सावध होता येईल असा विजेचा धक्का सक्तीचा करणे हा प्राणिकल्याण व धर्मस्वातंत्र्य यांतील योग्य समतोल होय, असे न्यायाधीशांना वाटले. ज्यांचे धर्मस्वातंत्र्य त्यांनी तराजूत घातले, त्या यहुद्यांना तो धक्का मान्यच नाही. म्हणजे तराजूचे एक पारडे रिकामेच राहिले.

त्याच खटल्यात एक प्रश्न असा होता : शिकारीत आणि मासेमारीत प्राणी बेशुद्ध केले जात नाहीत, मग धर्मालाच बंधन का? न्यायालयाने उत्तर दिले की, शिकार व छंदाची मासेमारी या निराळ्या गोष्टी आहेत.  कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर टिकेलही. पण जखमी होऊन झुडपात तासन्‌तास पडून राहणाऱ्या हरणाला ते कसे समजवावे? मौजेसाठी दिलेली वेदना कायद्याला चालते आणि धर्माज्ञेसाठी दिलेली चालत नाही, ही गोष्ट आमच्या मनाला पटत नाही.

शिवाय वेदना केवळ शेवटच्या अर्ध्या मिनिटातच असते काय? युरोपात असंख्य डुकरांना कर्बवायूच्या दाट मिश्रणात सोडून ‘बेशुद्ध’ केले जाते. शुद्ध जाण्यापूर्वी ती गुदमरतात व धडपडतात, हे त्याच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मान्य केले आहे. तरीही ही पद्धत कायदेशीर आहे. जर्मनीत अंडी देणार नाहीत म्हणून जन्मल्या दिवशीच मारली जाणारी नर पिले वर्षाला सुमारे साडेचार कोटी होती. २०२२ पासून तेथे ते थांबले, इतरत्र अनेक देशांत चालू आहे. आयुष्यभर अंगही वळविता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवलेल्या जनावराला शेवटी शास्त्रशुद्ध धक्का दिला, म्हणजे प्राणिदयेचे कर्तव्य पार पडले असे मानण्यात एक प्रकारची आत्मवंचना आहे. (नाताळाच्या आधी आपल्या वाड्यांतून येणारा डुकरांचा आक्रोश आम्ही लहानपणी ऐकलेला आहे. तेव्हा इतरांच्या सुरीविषयी बोलताना आम्ही आवाज फार चढविणार नाही.)

एवढे बोलल्यानंतर यहुदी समाजालाही काही प्रश्न विचारणे प्राप्त आहे. याकोब देवदूताशी झुंजला तेव्हा त्याच्या जांघेचा सांधा निखळला. त्या स्मरणार्थ मांडीतील शीर खाण्यास यहुद्यांना मनाई आहे. ती शीर काढणे अतिशय किचकट असल्याने पश्चिमेकडील बहुतेक देशांत जनावराचा मागचा अर्धा भाग सरळ सर्वसामान्य बाजारात विकला जातो. फुफ्फुसात दोष निघालेली जनावरेही तिकडेच जातात. म्हणजे समाज जेवढे मांस खातो त्याहून कितीतरी अधिक जनावरे बेशुद्ध न करता कापली जातात, आणि ते मांस कोणत्या रीतीचे आहे हे घेणाऱ्यास कळतही नाही. निर्यातीचा व्यापार हा आणखी वेगळा प्रश्न. पोलंडमध्ये २०१३ साली बंदी आली व डिसेंबर २०१४ मध्ये घटनापीठाने ती उठविली. या काळात जो वाद झाला, त्यात पोलंडमधील मूठभर यहुद्यांच्या ताटाइतकीच परदेशी पाठविल्या जाणाऱ्या मांसाच्या मोठ्या उलाढालीची चिंता होती. धर्मस्वातंत्र्य हा श्रद्धावंताचा हक्क आहे. निर्यातदाराच्या नफ्याला त्याचे संरक्षण द्यावे काय, याचे उत्तर आम्ही नकारार्थी देऊ.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न परका नाही. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेम येथे जमलेल्या प्रेषितांनी विदेशी ख्रिस्ती लोकांवर जी मोजकी बंधने घातली, त्यांत रक्त व गळा दाबून मारलेले प्राणी वर्ज्य करणे हेही होते. यहुदी व विदेशी एका पंगतीस बसू शकावेत हा त्यामागील हेतू. तो हेतू संपल्यावर बंधनही उरले नाही, असे १४४२ साली फ्लॉरेन्सच्या महासभेने स्पष्ट केले. पण एका ताटासाठी दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखण्याची ती पहिली शिकवण होती. आमच्या धर्मशिक्षण ग्रंथात मनुष्याला अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्याची मोकळीक आहे. मात्र विनाकारण त्यांना क्लेश देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही तेथे म्हटले आहे. सारा कस या ‘विनाकारण’ शब्दाचा आहे. देवाची आज्ञा पाळणे हे कारण आहे की नाही? दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा दिला. योग्य मर्यादेत राहून, एकट्याने वा समूहाने, आपल्या सद्सद्‍विवेकाप्रमाणे वागण्यापासून कोणास रोखू नये, असे तो सांगतो. मर्यादा आहेत, हे तो जाहीरनामाही मानतो. मात्र मर्यादा घालणे वेगळे आणि आचरणच अशक्य करणे वेगळे.

म्हणून नेदरलँड्सचा मार्ग आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. तेथे जून २०११ मध्ये प्राणिहक्क पक्षाचे विधेयक कनिष्ठ सभागृहात ११६ विरुद्ध ३० मतांनी मंजूर झाले. पुढच्या वर्षी वरिष्ठ सभागृहाने ते नाकारले, आणि सरकारने यहुदी व मुस्लिम संस्थांशी करार केला : छेदानंतर चाळीस सेकंदांत जनावराची शुद्ध गेली नाही, तर त्याला तत्काळ बेशुद्ध करावयाचे. ऑस्ट्रियात छेदानंतर लगेच बेशुद्ध करण्याची अट आहे. काही रब्बी ही गोष्ट सोसून घेतात, काहींना तीही रुचत नाही. ब्रिटनमध्ये मोठे जनावर उलटे पाडण्यास मनाई असून, छेदानंतर निदान तीस सेकंद त्यास हलविता येत नाही. या प्रत्येक ठिकाणी धर्म शिल्लक राहिला आणि जनावराचा क्लेशही काही अंशी उणावला. काही अंशीच, हे खरे. पण ज्या क्लेशाविषयी धर्मगुरू व पशुवैद्य एका मेजाशी बसून बोलू शकतात, तो पुढेही कमी होऊ शकतो. बंदीनंतर ते बोलणेच संपते.

आपल्या देशाचा कायदा याबाबत एका ओळीत मोकळा होतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे २८ वे कलम सांगते की, कोणत्याही समाजाच्या धर्मास आवश्यक असलेल्या रीतीने प्राण्याचा वध करणे हा या कायद्याखाली गुन्हा ठरणार नाही. त्या कलमाच्या आश्रयाखाली हलाल आहे, झटका आहे, बकऱ्या-कोंबड्यांचे नवस आहेत, आणि कोकणातील बेने इस्रायल समाजाची शेखिताही आहे. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले हे आपले मराठी भाषक शेजारी. अलिबागच्या परिसरातून मुंबई-ठाण्यास व पुढे बहुतेक इस्रायलला गेले. शतकानुशतके ते येथे राहिले. त्यांच्या जेवणावर कोणा राजाने वा सरकारने बंदी घातल्याचे ऐकिवात नाही. मात्र या कलमाच्या आडोशाने आपल्या कत्तलखान्यांत व उघड्यावरच्या दुकानांत, कोणत्याही धर्माने न सांगितलेले, जे हाल जनावरांचे होतात त्यांकडे पाहण्यास कोणालाच सवड नाही. शोखेताने जी सुरी खाच पाहून फेकून दिली असती तसल्या सुऱ्यांनी आपल्याकडे रोज काम चालते.

बेल्जियमचे पुढे काय झाले, तेही सांगावयास हवे. ब्रुसेल्स हा तिसरा प्रांत. तेथील विधिमंडळाने २०२२ साली अशीच बंदी नाकारली. युरोपातील सर्वांत मोठ्या कर्मठ यहुदी वस्त्यांपैकी एक असलेले अँटवर्प शहर मात्र फ्लँडर्समध्ये येते. तेथे कोशेर मांस मिळेनासे झालेले नाही. आयातीवर बंदी नाही, आणि लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ही गोष्ट कायद्याच्या समर्थनार्थ आवर्जून नमूद केली आहे. तेव्हा अँटवर्पचे यहुदी आता सीमेपलीकडून आलेले मांस खातात. जनावर तसेच कापले जाते, तितकीच सेकंदे लागतात. फक्त त्याआधी वा त्यानंतर मालमोटारीचा प्रवास वाढला आहे.